कांद्याच्या वावरातला फोटो

मी जर्मनीत राहतो आणि हौसेने फोटो काढतो. सुट्टीत येडगावला कांदे काढणारी एक आजी दिसली. तिच्या मातीने भरलेल्या हातांत मला फोटो-स्पर्धेचं बक्षीस दिसायला लागलं. मी कॅमेरा उचलताच ती घरात गेली आणि घडीचं लुगडं नेसून ताठ उभी राहिली.

"आजी, काम करतानाचा हवा होता."

"काम काय पळून चाललंय व्हय? तिकडं तुजा फोटू कोन काढतं रं?"

"कोणी नाही. आईला मी बर्फाचे, पुलांचे फोटो पाठवतो."

"तिला बर्फ काय करायचाय?" म्हणत तिने मला केस विंचरायला लावले, वावरात उभं केलं आणि कॅमेरा हातात घेतला.

आईच्या मोबाईलवर आता तोच फोटो आहे. एवढे विंचरलेले केस मात्र त्यात आलेलेच नाहीत.