रुंद रिम, अरुंद ब्रेक आणि आमच्या नणंदबाई

मी अकोल्यात ब्लाउज शिवते आणि शिवायला शिकवते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिची वाकड्या हँडलची, बारीक चाकांची सायकल मागे राहिली. महिनाभर तिच्यावरची धूळ पुसून कंटाळले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तिच्यावर बसले. मग रोजच बसू लागले. बाळापूर रोडनं बारा-पंधरा किलोमीटर जाऊन यायचं, आणि घरी येईस्तोवर मनगटांचं पार भरीत झालेलं असायचं. सोबत सायकल चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुंद रिमची चाकं घे, त्यावर जरा जाड टायर टाक, रस्ता गादीसारखा लागेल.

मी त्याच दिवशी चाकं मागवली. ब्रेकचा विचार कोण करतो!

चाकं आली, काळीभोर, चकचकीत. पुढचं चाक बसवायला गेले तर ते ब्रेकच्या दोन रबरांमध्ये शिरेचना. वायर सैल केली, ब्रेक होता तेवढा उघडला, टायरमधली हवा काढली. शेवटी खालून गुडघा लावून घुसवलं, तर ते तिथंच गच्च बसलं. जुनी रिम अरुंद होती, तिच्या मापाचा हा ब्रेक. नवी रिम त्याच्या घशात अडकल्यासारखी.

आमचे हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. चाकाला एक टिचकी मारली.

"चांगलं झालं," म्हणाले, "आता कुलूप लावाचं काम नाही. चोर आला तरी त्याले उचलूनच न्या लागते."

मी हसत हसत खालीच बसले.

यांच्या थोरल्या ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, अमरावतीला असतात. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, आता रिटायर आहेत. मोजमापाचं काही असलं की आमच्या घरातून त्यांनाच फोन जातो. मी सगळं सांगितलं. पलीकडून ताई म्हणाल्या, "फोटो-बिटो नको पाठवू. चाक घेऊन ये. अथी मोठं दुकान हाय."

मग मी ते चाक मांडीवर घेऊन अमरावतीच्या एसटीत बसले. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि चाकाकडे बघतच राहिला.

"मॅडम, सायकल कुठी हाय?"

"घरी."

"मंग चाकच काहून हिंडवून राहिल्या?"

"त्याच्यासाठी ब्रेक पाहायला चाललो."

मागच्या सीटवरच्या आजी मोठ्यानं म्हणाल्या, "पोरगी दाखवाले नेते तसं!" आणि अख्खी गाडी हसली. बडनेऱ्यापर्यंत कुणी ना कुणी त्या चाकाला हात लावून बघत होतं.

ताई दुकानात आल्या त्या पर्समध्ये व्हर्नियर कॅलिपर घेऊनच. आधी माझी रिम मोजली. सत्तावीस मिलिमीटर. जुनी वीसची होती. मग काउंटरवर दुकानातला एकेक ब्रेक मांडायला लावला, आणि प्रत्येकाचा जबडा किती उघडतो ते वहीत लिहायला बसल्या. दुकानदार सुरुवातीला वैतागला, नंतर स्वतःच डबे काढून देऊ लागला. "मॅडम, हाही पाहून घ्या," असं त्याचं चालू झालं. एक जोडी सगळ्यात जास्त उघडत होती. मोठे, लांब हातांचे दणकट ब्रेक.

"हे घे. डोळे मिटून घे," ताई म्हणाल्या. "आणि मीच येतो तुह्यासंग. बसवताना कोणी घोळ नाही केला पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अकोल्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सायकलवाल्या चाचांसमोर उभ्या होतो. चाचांनी नवे ब्रेक लावले. चाक आत गेलं, अगदी अलगद. मी फिरवलं, ते गरगर फिरलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी ब्रेक दाबला आणि चाक फिरतच राहिलं.

पुन्हा दाबला. खडखडखडखड असा आवाज आला.

चाचा वाकून बघू लागले. "बाई, हे रिमले लागतच नाही. रबर खाली स्पोकले लागून राह्यले."

रबरं वर सरकवून पाहिली. होती तेवढी वर नेली, तरी रिमच्या बोटभर खालीच. ताई व्हर्नियर हातात धरून उभ्या. चेहरा असा, जणू लॅबमधली काचेची नळी हातून फुटली.

"पण रुंदी तर बरोबर हाय," त्या पुटपुटल्या.

मी काय बोलते ते मलाच कळायच्या आधी बोलून गेले, "ताई, आपण छातीचं माप घेतलं, उंचीचं राह्यलं."

 ताई एकदम हसत सुटल्या. त्यांना हसू आवरेना, मला आवरेना, चाचा आमच्याकडे बघून हसायला लागले. ताईंनी डोळे पुसले, "चाळीस वर्षं पोरायले शिकवलं, मोजाच्या आधी इचार करा काय मोजाचं ते," म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.

मग माप घेतलं ते मी. सायकलच्या पुढच्या चिमट्यात ब्रेकचा नट जिथं बसतो तिथपासून रिमच्या त्या पट्टीच्या मध्यापर्यंत, जिथं रबर टेकतं. पंचेचाळीस मिलिमीटर. आम्ही आणलेल्या ब्रेकचे हात पंचावन्नच्या पुढेच सुरू होत होते. दुकानात फोन केला. या वेळी दोन्ही मापं सांगितली, वर टायरची जाडीही. दुकानदार आम्ही नेलेले ब्रेक परत घ्यायला तयार झाला, आणि रुंद रिमसाठीच बनवलेले पण आखूड हातांचे ब्रेक मागवून देतो म्हणाला. चार दिवस लागणार होते. ताई चारही दिवस आमच्याकडेच राहिल्या. म्हणाल्या, "हे पाह्यल्याबिगर मी जात नाही."

ते ब्रेक आले, बसले, आणि चाचांनी दाबल्याबरोबर चाक जागच्या जागी थांबलं, आवाजसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना सारखी फट, टायरच्या वर बोट जाईल एवढी जागा. मी सायकल मैदानात नेली. दहा पावलं गेले की ब्रेक, परत दहा पावलं, परत ब्रेक. उगाचच, नुसत्या आनंदानं. फुटबॉल खेळणारी मुलं थांबून बघायला लागली.

"आता मले दे," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही?"

"काहून? कॉलेजात असताना अमरावतीत बाप्याइच्या पुढं सायकल काढत होती मी."

चाळीस वर्षांत त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. आम्ही सीट खाली केली, मी मागून धरून धावले. त्या डगमगल्या, ओरडल्या, आणि मग माझ्या हातातून सायकल सुटलीच. ओढणी कमरेला बांधलेली, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडानं सारखं "माय वो! माय वो!" चाललेलं. पहिल्या वळणावर मी डोळे झाकले. त्या व्यवस्थित वळल्या. माझ्याजवळून जाताना, "सोड, आता नको धरू!" असं ओरडल्या, मी केव्हाचीच सोडली होती तरी.

तीन चकरा झाल्या, चार झाल्या. मी हाका मारत होते, ताई, पुरे, पाय दुखतील. त्यांनी ऐकलं नाही. सातव्या चकरेला त्यांनी मैदानाच्या मधोमध ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला, धापा टाकत माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "आणखी एक," आणि निघाल्या.