पाच फुटांचा दांडा

"गुडघा!"

एवढा एकच शब्द, आणि त्याच्याबरोबर लाकडी फूटपट्टीची एक टिचकी. लागायची नाही, नुसता टक् असा आवाज यायचा. पण ज्याच्या गुडघ्यावर ती बसायची त्याचा गुडघा आपोआप ताठ व्हायचा आणि डोकं वरच्या दांड्याला लागायचं. "बाद. पुढचा या," असं म्हणून मास्तर त्या पोराकडे पुन्हा बघायचेही नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतला मी. पण आमच्या बऱ्हाणपुरात मला सगळे गुरुजी म्हणत, आणि गावातल्या राजपुरा पेठेत शिलाईचं दुकान चालवणारे ते मास्तर. याचं मला सुरुवातीला जरा वाईट वाटायचं. पुढे सवय झाली.

आता तुम्ही विचाराल, शिंप्याचा आणि हुतूतूच्या मैदानाचा संबंध काय? सांगतो. तेव्हा पोरांचं वय कोणालाच धड ठाऊक नसे. बापाला विचारलं तर "तापीला मोठा पूर आला होता ना, त्याच्या आगेमागे" असं उत्तर यायचं, आणि तापीला मोठे पूर काय, दोन-चार वर्षांनी यायचेच. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आम्ही गुरुजी मंडळी अंदाजानं ठोकून द्यायचो, त्यामुळे तिच्यावर निदान आमचा तरी विश्वास नव्हता. म्हणून छोट्या गटाचे सामने उंचीवर खेळवत. मैदानाच्या कडेला दोन बांबू रोवायचे आणि पाच फुटांवर आडवा दांडा बांधायचा. खेळाडूनं दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, गुडघे सरळ ठेवून त्याखाली उभं राहायचं. डोकं दांड्याला लागलं की बाद. माप घ्यायला मास्तर, कारण साऱ्या गावाची अंगं त्यांना तोंडपाठ.

त्यात दिवस नव्या जुळणीचे होते. नवा मध्यप्रदेश होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, कचेरीतले अर्ज हिंदीत लिहावे लागू लागले, आणि मराठी, हिंदी, उर्दू शाळांचे सामने तोवर वेगवेगळे व्हायचे ते एकत्र झाले. खेड्यांतल्या शाळाही आत आल्या. एकत्र आलो म्हणजे काय, एकत्र भांडू लागलो! आमची पोरं 'हुतूतू' घुमवत चढाईला जायची, त्यांची 'कबड्डी कबड्डी' करत यायची. एवढ्यावरून पहिला सामना अर्धा तास अडला होता. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे मास्तरांचं माप. मास्तर सगळ्या शाळांना अपमान अगदी सारखा वाटून देत.

माझ्याही वाट्याला आला. खोटं कशाला बोलू? एका वर्षी माझा एक चांगला खेळाडू उन्हाळ्यात भसाभस वाढला. दोन बोटांचा प्रश्न होता. मी त्याला आठवडाभर घरामागे नेऊन गुडघे वाकवून उभं राहायला शिकवलं आणि सामन्याच्या दिवशी ढगळ पायजमा घालायला लावला. हो, मीच. शाळेत नीतिपाठाचा तासही मीच घ्यायचो. मास्तरांनी त्या दिवशी फूटपट्टी उचललीच नाही. नुसते त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"गुरुजी, हा पायजमा माझ्याकडचाच ना? दिवाळीतला?"

"असेल. मग?"

"मी घोट्याच्या वर ठेवला होता. आज जमिनीवर लोळून राह्यला. पोरगं उन्हाळ्यात वाढलं का घटलं?"

मैदान हसून हसून आडवं झालं. मी पुढचे चार दिवस राजपुऱ्यातून न जाता लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.

तर असे मास्तर. केस फुगवून येणाऱ्याचे केस तळहातानं चप्प दाबायचे, मान आत ओढणाऱ्याच्या हनुवटीखाली बोट घालायचे. "मले शिकवू नका, मी अंगं शिवतो," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. एकदा बाद म्हटलं की बाद. त्यांनी दिलेलं माप फिरवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आणि मग निंबोल्याचा सुपडू आला.

त्या वर्षी छोट्या गटाचा अंतिम सामना आमच्या बुधवारा पेठेतल्या शाळेचा आणि निंबोल्याचा होता. खेड्यांच्या फेऱ्या खेड्यांतच झाल्या होत्या, तिथली मापं तिथल्या गुरुजींनी घेतली होती. त्यामुळे सुपडूला आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. नुसतं ऐकत होतो, की निंबोल्यात एक पोरगा आहे, त्याच्या हाती घोटा सापडला की सुटत नाही. केळीच्या बागेत राबणाऱ्या घरातला. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय आखूड राहिला होता, दीड-दोन इंचांनी. चढाईला तो जात नसे. कोपऱ्यात उभा राहायचा आणि पकड करायचा.

सामना दुपारी चारला, माप सकाळी. सुपडू दांड्याखाली आला आणि नियमाप्रमाणे त्यानं दोन्ही टाचा टेकवल्या. आता आखूड पायाची टाच टेकवायची तर दुसरा गुडघा वाकणारच. मास्तरांची नजर थेट त्या वाकलेल्या गुडघ्यावर गेली.

"गुडघा!" टक्.

पोरगं दचकलं. त्यानं उजवा पाय ताठ केला, तशी डावी टाच हवेत उचलली गेली, डोकं दांड्याला लागलं आणि तोल जाऊन त्यानं बांबूला मिठी मारली. मैदान खदखदून हसलं. मीही हसलो.

"बाद," मास्तर म्हणाले.

निंबोल्याचे गुरुजी धावत आले. "अहो मास्तर, पाय आखूड आहे त्याचा! दोन्ही टाचा टेकवल्या की गुडघा वाकतोच. ती लबाडी नाही."

मास्तरांनी तेव्हा कुठे पायाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मला स्पष्ट दिसलं. पण सवय मोठी वाईट. "गुडघा सरळ नाही तर माप नाही," ते म्हणाले. "आजवर कोणाले सोडलं नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण समोरचा संघ माझा. मी 'खेळू द्या' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मी अगदी हळू आवाजात, फार दुःख झाल्यासारखं म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखाच हवा ना?" आत मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुपडूनं सदरा चढवला आणि कडेच्या लिंबाखाली मैदानाकडे पाठ करून बसला.

दुपारी दोनच्या सुमारास मी मास्तरांच्या दुकानात गेलो. आमच्या पोरांच्या बनियनांवर आकडे शिवायला दिले होते ते आणायचे होते. बघतो तर मास्तर दुकानाच्या मध्यभागी एका पायाखाली वीट घेऊन उभे. बनियनांना सुईदेखील लागलेली नव्हती.

"गुरुजी, बरं झालं आले. बघा जरा, माझा गुडघा सरळ आहे का?"

"नाही. विटेवरचा वाकलाय."

"दोन्ही तळवे टेकवून सरळ करून दाखवतो." त्यांनी प्रयत्न केला. सत्तरीचा माणूस, कपाटाला धरून, दात खाऊन गुडघा ताठ करायला बघतोय, आणि दुसऱ्या पायाची टाच दर वेळी जमीन सोडतेय. मला हसू आवरेना. ते मात्र हसत नव्हते. "होत नाही, गुरुजी. मी सकाळपासून करून राह्यलो. होतच नाही. आयुष्यभर मी वाकलेला गुडघा म्हणजे चोरी समजलो. त्या पोराचा वाकलेलाच खरा आहे."

मी घाईघाईनं म्हणालो, "मास्तर, पण लांब पायावर मोजलं तर तो पाच फुटांच्या वर जातोच की. मग माझ्या पोरांनीही गुडघे वाकवले तर चालेल?"

"तुमच्या पोरांची टाच टेकते अन् गुडघाही सरळ होतो. त्याले दोन्ही एकदम जमत नाही. अन् मले सांगा, तो मैदानात एक टाच हवेत धरून खेळतो का? जसा उभा राहून खेळतो तसंच त्याचं माप."

विटेवरून उतरून त्यांनी टोपी घातली. बनियनं मी उचलून नेली. पोरं तशीच बिनआकड्याची खेळली.

मैदानात साडेतीनलाच गर्दी झाली होती. मास्तर मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "सकाळी माझं माप चुकलं. सुपडूचं पुन्हा घ्यायचं आहे." तुम्ही त्यांना ओळखत नव्हता म्हणून सांगतो, सूर्य चुकला असं कोणी म्हटलं असतं तरी गाव इतकं गप्प झालं नसतं. निंबोल्याचे गुरुजी लिंबाकडे पळाले आणि तसेच परत आले.

"तो येत नाही म्हणतो. पुन्हा त्या दांड्याखाली जाणार नाही म्हणतो. लोक हसतात."

मास्तर बांबूंपाशी गेले आणि त्यातला एक उपटू लागले. एकट्यानं उपटेना, तेव्हा निंबोल्याचे गुरुजी हात लावू लागले. दोन्ही बांबू आणि वरचा दांडा अशी ती अख्खी चौकट दोघांनी मैदानावरून आडवी वाहत नेली आणि लिंबाखाली, सुपडूच्या समोर उभी केली. दांड्याची उंची मास्तरांनी फीत लावून पुन्हा तपासली. पाच फूट. मग ते त्या पोरापुढे उकिडवे बसले.

"मी तुले उगाच टिचकी मारली. चूक माझी होती. आता माझ्यासाठी उभा राहा."

सुपडूनं त्यांच्या फूटपट्टीकडे पाहिलं. "मारणार नाही ना?"

"ही घे, तुझ्याच हातात धर." मास्तरांनी फूटपट्टी त्याच्याकडे दिली.

तो उभा राहिला. दोन्ही टाचा टेकलेल्या, उजवा गुडघा वाकलेला, आणि डोक्यावर दोन बोटं जागा. गर्दीतून कोणीतरी गंमत म्हणून ओरडलं, "गुडघा!" मास्तर असे गर्रकन वळले की ओरडणारा माणसांमागे दडला. "पास," ते म्हणाले. छोट्या गटात पास झालेल्या पोरासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सामना आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटाला आमचा वामन, आमचा सगळ्यात चपळ गडी, चढाईला गेला आणि सुपडूच्या कोपऱ्यात त्याचा घोटा सापडला. पुढे काय झालं ते सांगायला नको. एका गुणानं हरलो.

आणि मग मी ते केलं. त्याच आठवड्यात क्रीडा समितीकडे एक निनावी अर्ज गेला, शुद्ध हिंदीत. मापकानं दबावाखाली निर्णय फिरवला, वाकलेला गुडघा मान्य केला, सबब सामना रद्द करावा. खाली 'एक क्रीडाप्रेमी'. समितीनं निंबोल्यानं जिंकलेली ढाल कचेरीत अडकवून ठेवली आणि मास्तरांकडून लेखी उत्तर मागितलं.

ते उत्तर लिहून घ्यायला मास्तर कोणाकडे आले असतील? माझ्याकडे. संध्याकाळी, कोरा कागद घेऊन. "मले हिंदी बोलता येते, लिहिता येत नाही. तुम्ही लिहा," म्हणाले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. ते मराठीत सांगत गेले, मी हिंदीत उतरवत गेलो.

"लिहा. सकाळचं माप चुकीचं होतं. मी गुडघा मोजला, पोरगं मोजलं नाही. दुपारचं बरोबर आहे. दबाव कोणाचा नव्हता. दंड द्यायचा तर मले द्या, पुढल्या वर्षी बोलावू नका. पण ढाल निंबोल्याची आहे, ती त्यांले द्या."

मी लिहिलं. कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, "समितीत मले तो अर्ज दाखवला. मजकूर सगळा नाही समजला. अक्षर मात्र सुंदर होतं, गुरुजी. दर वर्षी तुमच्या संघाची यादी येते ना माझ्याकडे, अगदी त्याच वळणाचं."

माझे कान तापले. मी विचारलं, "मग माझ्याकडेच कशाला आलात?"

"इतकं चांगलं दुसरं कोण लिहील?"

त्यांनी सही केली. मी कागद परत घेतला आणि त्यांच्या सहीखाली लिहिलं, की निनावी अर्ज माझा होता आणि तो मी मागे घेतो. माझं नावही घातलं.

समितीनं ढाल निंबोल्याला दिली. मला एक ओळीची समज दिली. आणि मास्तरांनी जो दंड स्वतः सुचवला होता तोही त्यांना देऊन टाकला. पुढच्या वर्षी दांड्यापाशी कचेरीतला एक कारकून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पोरं गुडघे वाकवून पास होत होती. मला ते बघवेना. सामना सोडून मी राजपुऱ्यात मास्तरांच्या दुकानात जाऊन बसलो. ते मशीनवर कुणाची तरी चड्डी शिवत होते. मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण मला ते अजून तसेच दिसतात, पाठमोरे, मान खाली.

"मास्तर, खरं सांगा," मी म्हणालो, "माझा राग नव्हता का हो आला?"

"आला होता तर! भयंकर आला होता." त्यांनी दातानं दोरा तोडला. "म्हणून तर तुमच्याच हातानं लिहवून घेतलं."

आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांना मशीन थांबवावं लागलं.