निमोण्याच्या आप्पांच्या रेकॉर्ड

नवरा गेल्यानंतर बरेच महिने मी त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवरचा कपडा काढला नव्हता. डीजेचे दिवस आले तेव्हा दौंडच्या एका लाऊडस्पीकरवाल्यानं धंदा गुंडाळला. त्याच्याकडून ह्यांनी हा प्लेअर आणला होता. कंपनीला सुट्टी असली की हे सकाळपासून त्याच्यापुढे बसायचे.

मुलगी लग्न होऊन बंगलोरला. शिरूरच्या घरात मी एकटी. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून टीव्ही चालू ठेवायचे. एका दुपारी त्याचाच कंटाळा आला आणि मी प्लेअर उघडला. रेकॉर्ड फिरली, पण गाणं जड, ओढत ओढत येत होतं. आतलं रबरी चाक गुळगुळीत झालं की असं होतं, हे मला ह्यांच्याकडे बघून ठाऊक होतं. चाक स्पिरिटनं पुसलं, मोटरला थेंबभर तेल दिलं, सुईवरची धूळ मऊ ब्रशनं मागून पुढे काढली. गाणं सरळ लागलं. जमलं, हे सांगायला मात्र घरात कुणी नव्हतं.

मग रोज दुपारी एखादी लावू लागले. किराणा दुकानात त्याची चर्चा झाली असावी, कारण एका बाजाराच्या दिवशी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ पोतं घेऊन दारात उभे राहिले.

"ताई, हितंच रेकॉर्डी वाजत्यात का?"

ते निमोण्याहून एसटीनं आले होते; गावात त्यांना आप्पा म्हणत. पोत्यात त्यांच्या बायकोच्या रेकॉर्ड होत्या. ती वारली होती, घरातल्या मशीनच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या.

"पोरगं म्हनतंय भंगारात घाला. माझा हातच धजंना."

पत्र्याखाली आडव्या पडून काही रेकॉर्ड वाकल्या होत्या, बाकीच्यांवर बुरशी होती. मी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले.

"आप्पा, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका हं," मी म्हटलं. त्यांनी रेकॉर्ड कडेनं धरली, लहान बाळ धरावं तशी. धुतलेल्या सगळ्या स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या करून वाळवल्या.

त्यातली एक लावली. मध्येच सुई अडकली, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. मी उठायच्या आत आप्पा उठले आणि त्यांनी बोटानं सुईला हलकेच पुढे ढकललं.

"हितं आमची ही उठायची," ते म्हणाले. "मी आपला बसून ऱ्हायचो."

रेकॉर्ड माझ्याकडेच राहिल्या, आणि त्यानंतर दर बाजाराला बाजार करून ते यायचे. शेजारणींच्या नजरा होत्या, म्हणून मी दार सताड उघडं ठेवायचे. आम्ही फार बोलायचो नाही. चहा व्हायचा, एकदोन रेकॉर्ड व्हायच्या, आणि आप्पा पिशवी उचलून एसटीला निघायचे. त्या दिवशी मी सकाळीच केस विंचरून, नीट साडी नेसून तयार असायचे, हे माझ्याच उशिरा लक्षात आलं.

पुढे एका बाजाराला ते आले नाहीत. पुढच्याही नाही. शेवटी मी फोन केला.

"पोरानं पुण्याला आनलंय, ताई. गुडघ्यानं चालवंना."

"मग रेकॉर्ड पाठवून देऊ का?"

"न्हाई, न्हाई. हितं कशावर लावू? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." मग म्हणाले, "एखादी लावता का आत्ता? ऐकतो हितनंच."

मी रेकॉर्ड पुसली, लावली आणि फोन स्पीकरपाशी धरून उभी राहिले. गाणी संपेपर्यंत हात अवघडला. मग फोन कानाला लावला.

"आप्पा, ऐकलं का?"

फोन कधीचा बंद झालेला होता. त्यांनी ठेवला की आपोआप कट झाला, कळलं नाही. परत लावावासा वाटला, पण त्यांच्या घरी सगळे जेवायला बसले असतील, असं मनात आलं. मी रेकॉर्ड उलटी केली, तिच्यावरून ब्रश फिरवला आणि दुसरी बाजू खुर्चीत बसून एकटीनंच ऐकली.