टीव्हीच्या मागची जागा

"किती लिटरचं आहे हो हे?"

ऑफिसात कुणाच्या टेबलावर नवं खोकं आलं की बाई हा प्रश्न विचारायच्या. मग ते बुटांचं असो, मिठाईचं असो, नाहीतर वाढदिवसाच्या केकचं. उत्तराची वाट मात्र पाहायच्या नाहीत. मान जराशी तिरकी करून लांबी, रुंदी, उंची नजरेनंच घ्यायच्या, "नऊ. साडेनऊ म्हणा," असं स्वतःच सांगायच्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसायच्या.

नवीन लागलेल्या मुलांना वाटायचं, बाईंच्या डोक्यावर कामाचा परिणाम झालाय. मी शेजारीच बसत असल्यामुळे मला खरं कारण ठाऊक होतं. छोटे कॉम्प्युटर बांधणारे शौकीन कॅबिनेटचं, म्हणजे बाहेरच्या खोक्याचं, माप लिटरमध्ये सांगतात. लिटर जितके कमी, तितका मान मोठा. बाईंना तसा एक बांधायचा होता. त्यावर गेम झकास चालले पाहिजेत, टीव्हीला जोडून सिनेमा बघता आला पाहिजे आणि वेळ आली की उचलून पिशवीत टाकता आला पाहिजे.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आपण त्यांच्याशेजारी वर्षानुवर्षं डबा खातो आणि त्यांना भाजी कोणती आवडते एवढंच आपल्याला माहीत असतं. चाळिशी ओलांडलेल्या, सुती पंजाबी ड्रेस घालणाऱ्या, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये लोकांच्या चुका शोधून त्या अत्यंत सभ्य इंग्रजीत कळवणाऱ्या या बाई रविवारी दुपारी ट्रक चालवतात, हे मला एकदा डबा खाताना कळलं. गेममधला ट्रक. लांबच्या लांब परदेशी रस्ता, मागे माल भरलेला, शेजारी कुणी नाही. "शर्यत नाही हो, नुसतं जायचं," त्या म्हणाल्या. "भाचरं झोपतात, वहिनी झोपते. तेवढ्यात जर्मनी होते."

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर तो ट्रक अडखळत चालायचा. म्हणून हा सगळा खटाटोप.

मी मूळचा शनिवार पेठेतला, त्यामुळे न मागता सल्ला देणं हा माझा जन्मसिद्ध हक्क. आमच्या पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. दुकानदारही पेठेतलाच.

"बाई, कॉम्प्युटर हवाय की डबा?"

"डब्याएवढा कॉम्प्युटर."

पुढे कित्येक शनिवार त्या तिथे जात राहिल्या. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं तर ते कॅबिनेटबाहेर डोकावायचं. आखूड कार्ड घेतलं तर प्रोसेसरवरचा कूलर झाकणाला टेकायचा. बुटका कूलर घेतला तर त्याचा पंखा घोंघावायचा आणि आवाज तर अजिबात चालणार नव्हता. शेवटी दुकानदार वैतागला. "तुम्ही जागाच मोठी करा की! म्हणजे हे सगळे प्रश्न मिटतील."

"ती माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा टेप काढून कार्ड मोजायला लागल्या.

ती जागा म्हणजे बिबवेवाडीतल्या त्यांच्या घराच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, भिंतीलगतची सांदी. फ्लॅट वडिलांनी घेतलेला. वडील गेले, आई गेली. आता एक खोली भाऊ-वहिनीची, एक मुलांची आणि बाईंचा हॉलमधला दिवाण. दिवाळीला वहिनीच्या माहेरची माणसं आली की दिवाणही जायचा. मग बाई पिशवी भरून वारज्याला बहिणीकडे. "पाहुणे आले की मी पाहुणी," त्या म्हणायच्या. तक्रारीचा सूर नसायचा. बसचा नंबर सांगावा तसं सांगायच्या.

कॉम्प्युटर त्यांनी बांधला तो आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. बायकोनं थालीपीठं लावली होती, ती गार झाली तरी बाईंनी हात लावला नाही. शेवटचा स्क्रू बसला, बटण दाबलं आणि आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. काही ऐकू येईना.

"बंद आहे का?" बायकोनं विचारलं.

बाईंनी तिचा हात धरून झाकणावर ठेवला. आत पंखा फिरत होता. तेव्हा त्या हसल्या होत्या, मोकळ्या हसल्या होत्या.

"घरी काय म्हणतील?"

"विचारलं तर सांगीन."

घरी कुणी विचारलं नाही. टीव्हीच्या मागे केबलवाल्याचं काहीतरी असतं, तसंच हे एक, असं सगळे समजत राहिले.

मग त्यांची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची मिळणार होती. भावानं नकाशा पसरला, एका छोट्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही ताईची खोली."

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. "मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहते ना?" मी म्हटलं, राहते. "टेबलाखाली ठेवता येईल. टेबल असेल आता." त्या दिवसापासून आमच्या बाई बदलल्या. लांबलचक ग्राफिक्स कार्ड, उंच कूलर, एका बाजूला काच. कुणीही दिसलं की त्याला फोनवर फोटो दाखवायच्या. "चाळीस लिटर!" असं त्या म्हणायच्या तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. दुकानदाराला त्यांनी कॅबिनेट मागवून ठेवायला सांगितलं. इमारत उभी राहीपर्यंत काही महिने भाड्याच्या घरात, काही महिने बहिणीकडे, अशा त्या पिशवी घेऊन फिरत होत्या. पण त्याचं त्यांना काही नव्हतं. मलाच त्यांच्या खोलीची त्यांच्याहून जास्त घाई झाली होती.

वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. भाऊ मोठा अगत्यशील माणूस. हाताला धरून घर दाखवलं. "ही आमची. ही मुलांची. आणि ही छोटी, गेस्ट रूम. हिचे आईवडील आता थकलेत, येऊनजाऊन असतात."

"आणि ताईंची?" माझ्या बायकोनं विचारलं. ती असले प्रश्न पोटात ठेवत नाही.

"ताई होय? ताई हॉलमध्येच रमते. तिला टीव्ही लागतो."

तो हे मायेनं बोलला, हे सांगायला हवं. बाई मागेच प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर शिरा ठेवला.

"हो, मला टीव्ही लागतो," त्या म्हणाल्या.

मला राग आला होता. तरी मी शिरा खाल्ला, चांगला झालाय असंही म्हणालो.

सोमवारी बाईंनी माझ्यादेखतच दुकानात फोन करून कॅबिनेट नको म्हणून सांगितलं. पलीकडून नेहमीसारखं काहीतरी खवचट येईल असं मला वाटलं. तो नुसतं "बरं" म्हणाला असावा, कारण बाईही "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यानंतर त्यांनी कुणाच्या खोक्याचं माप काढलं नाही. काम चोख चालू होतं. डबा वेळेवर खायच्या. मी एकदा ट्रकची चौकशी केली, तर म्हणाल्या, "चालतो."

कंपनीनं कोइमतूरला नवं ऑफिस काढलं. तिकडे कायमचं कोण जाईल, असं मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळ्यांना आपापली मुलं, शाळा आणि घराचे हप्ते आठवले. बाईंनी हात वर केला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी सांगितलंत?"

"विचारलं तर सांगीन."

त्या गेल्या. मला त्यांचं कौतुक वाटलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी जास्तीच्या खुर्च्या आणून ठेवल्या आणि मी त्यांच्याकडे बघत डबा खाल्ला.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. ताई ऑफिसच्या कामाला म्हणून बाहेर पडली, आता मेसेज आलाय की नीट पोचले, काळजी नको. पण पोचली कुठे? मी कोइमतूरचं सांगितलं. बदली कायमची आहे, हेही सांगितलं.

"नाही हो," तो म्हणाला. "येईल परत. सामान सगळं इथेच आहे तिचं. कपाट भरलेलं आहे, साड्या आहेत, आईची पाटली आहे. काहीसुद्धा नेलेलं नाही. असं कुणी जातं का?"

"जरा टीव्हीच्या मागे बघता का?" मी म्हणालो.

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. त्यानं कुणाला तरी दिवा लावायला सांगितला. मग तो पुन्हा फोनवर आला.

"बघितलं. एक वायर लोंबतीये, बाकी काही नाही," तो म्हणाला. "का हो? इथे काय असतं?"