सोयावडीत काय आहे?

श्रावणातला पहिला सोमवार, २००३. हजर: कारखान्याचे मालक अण्णासाहेब, मशीन चालवणारा रफीक, मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण गंगाक्का आणि क्वालिटी बघणारी मी. जागा: शिरोळजवळचा आमचा सोयावडीचा कारखाना.

गंगाक्कांनी आमचं पाकीट टेबलावर आपटलं. "पोरी ताटावरनं उठल्या. म्हणत्यात, ह्यात मटण हाय."

"तुम्हाला तसं लागलं?" मी विचारलं.

"आमच्यात कुणी खाल्लंय का मटण? पर दिसतं कसं ते ठावं हाय की. आणि ह्यो फोटू बघा!"

पाकिटावर मटणाचा वाटावा असा तांबडा रस्सा छापला होता. कोल्हापुरात माल खपायचा तर रस्सा पाहिजे, हे अण्णासाहेबांचं मत. वसतिगृहातल्या बहुतेक मुली शाकाहारी लिंगायत घरच्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

वसतिगृहाची ही ऑर्डर हातची गेली की दुसरी शिफ्ट बंद. म्हणजे अकरा बायका घरी.

"आत्ताच आत चला," मी म्हटलं. "डोळ्यांनी बघा."

अण्णासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, डोकं फिरलंय का? उद्या आपली प्रोसेस गावभर हुईल."

"गिऱ्हाईक गेल्यावर प्रोसेस घेऊन काय करायचं?"

त्यांनी आतलं दार उघडलं. आम्ही आत गेलो.

पोतं उघडलं. आत तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ. गंगाक्कांनी चिमूटभर तोंडात टाकलं. हे पीठ भिजवून एक्स्ट्रूडरमध्ये जातं. एक्स्ट्रूडर म्हणजे तापवलेला मोठा सोऱ्या. आत दाब असतो. भोकातून बाहेर पडताच पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि त्याला धागे सुटतात. त्या धाग्यांमुळेच वडी मटणासारखी दिसते.

"आक्का, ह्यात मटण असतं," रफीक म्हणाला, "तर मी रोज घरनं वांग्याचा डबा कशाला आणला असता?"

गंगाक्का पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, "माझं एकटीचं कोण ऐकतंय? पोरींच्या आया येतील. न सांगता. चालंल?"

अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "येऊ द्या."

आया आल्या, वर्षभर येत राहिल्या. ऑर्डर टिकली, शिफ्टही टिकली. प्रोसेस चोरायला एकही माणूस आला नाही. लोकांना फक्त पोरींच्या ताटात काय पडतंय ते बघायचं होतं. जे कुणाला नकोच होतं, ते आम्ही इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं.

नंतर फाटकावर कृतीचा फलक लावला. साहित्य लिहिलं, पायऱ्या लिहिल्या. मशीनचं तापमान तेवढं अण्णासाहेब "बघून सांगतो" म्हणाले. फलकावरची ती जागा अजून कोरी आहे.