अर्जावरची दुसरी सही

दगडू गेल्याचा फोन आला तवा मी आष्टीच्या बाजारात दोरखंडाच्या दुकानापुढं उभा होतो. फोन त्याच्या लेकीचा, सुजाताचा. ती जालन्याला शाळेत शिकवते. "काका, आबा गेले," एवढंच म्हणली. मी "बरं" म्हणलो, समोर दिसली ती बैलाची वेसण इकत घेऊन पिशवीत टाकली अन् जीपची वाट बघत उभा राह्यलो. घरी आल्यावर ध्यानात आलं, बैल तर मी दोन वर्षांमागंच इकलेत…

त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीत आबांवर काहीतरी द्यायचंय, तुमच्याएवढं त्यांना कोण ओळखतं, असं सुजाता म्हणली. मला नाव सोडून काही लिहिता येत न्हाई. मी सांगून राह्यलो अन् ती समोर बसून लिहून घेऊन राह्यली.

दगडू बौद्धवाड्यातला, मी पाटलाच्या घरातला. दोघंबी ढोरांमागं असायचो. तो सातवी शिकला. मी दुसरीत मास्तरची छडी मोडली अन् परत शाळेकडं फिरकलो न्हाई. ढोरं पाण्यावर नेली की तो वाळूत काडीनं माझं नाव काढायचा. "मारुत्या, हे शिकून घे. न्हाईतर जिंदगीभर अंगठा काळा करशील." मी म्हणायचो, पाटलाच्या पोराला काय गरज. पण शिकलो. तो काढायचा बराबर तसंच, त्याच्यावानीच शेवटच्या अक्षराला शेपूट ओढून.

पुढं दगडूच्या मनात पंचायतीला उभं राह्यचं आलं. बौद्धवाड्यात इहीर नव्हती, बाया नदीवर जायच्या. पंचायतीत बसलो तर पहिलं काम तेच, म्हणायचा. अन् तेवढ्यात आणीबाणी लागली. दिल्लीचं मोठं इलेक्शन पुढं ढकललं. आमच्या पंचायतीची मुदत संपली तरी तालुक्याहून कागद आला, हुकूम येईस्तोवर जुनेच राहतील. सरपंच माझे चुलते. ते खुश.

दगडूनं अर्ज लिहिला. आमच्या गावचं इलेक्शन कधी घेता तेवढं सांगावं. बाकी एक शब्द न्हाई. खाली स्वतःची सही केली. मी म्हणलो, "आण इकडं, माझीबी घे."

"चुलते सोलून काढतील तुला."

"काढू दे."

त्या वयात मी लई मोठा मर्द होतो.

आठ दिवसांनी तालुक्याहून साहेबाची जीप आली. चावडीवर गाव गोळा झालं. साहेबानं अर्ज वर धरला, माझं नाव वाचून इचारलं, "ही दुसरी सही तुझीच का?" चुलते माझ्याकडं टक लावून बघत होते. जीपमधे दोन शिपाई बसलेले. मी म्हणलो, "साहेब, मी अंगठावाला माणूस. मला लिहिता येत न्हाई." मी शाळा सोडलेला, हे सगळ्या गावाला ठाऊक. साहेबानं दोन्ही सह्या निरखून बघितल्या. शेपटं सारखीच. दगडूनं माझ्याकडं एकदाच बघितलं, मंग म्हणला, "बराबर हाय साहेब. दोन्ही मीच केल्या."

सतरा दिवस आत होता. सुटला तो सरळ माझ्या मळ्यात आला. "भाकर हाय का?" म्हणला. मी दिली, त्यानं खाल्ली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानं कांदा मागितला.

आणीबाणी संपत आली अन् मतदान लागलं. आम्ही दोघं एका रांगेत. टेबलावरच्या बाईनं पेन पुढं केला. मागं सगळं गाव उभं. एकदा अंगठावाला म्हणलो, आता सही कशी करू? मी अंगठा पुढं केला. मागून दगडू हळूच म्हणला, "नीट दाबा पाटील. न्हाईतर तोबी बनावट निघंल." तो हसला, मी न्हाई. तवापासून दर मतदानाला मी अंगठाच दिला.

पुढं पंचायतीचं इलेक्शन झालं, दगडू उभा राह्यला. समोरचे घरोघर फिरून सांगायचे, खोट्या सह्या करणाऱ्याला मत देता का? अकरा मतांनी पडला. मी चावडीवर एक वाक्य बोललो असतो तर ती अकरा मतं फिरली असती. माझा ताठा आडवा आला. चुकलो, हा शब्द मी बायकोलाबी कधी म्हणलो न्हाई. इहीर झाली, पण लई वर्षांनी, त्याच्याच अर्जांवर. त्या अर्जांवर त्यानं माझी सही कधी मागितली न्हाई…

जालन्याच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो. मी इचारलं, "दगडू, ते सहीचं आता सांगून टाकू का?"

"कोणाला? चुलते गेले, साहेब गेला."

"सुजाताला."

त्यानं अंगावरची चादर नीट केली. मंग म्हणला, "तिला वाटतं बापानं खोटी सही केली. पण कधी इचारलं न्हाई तिनं मला. माझी पोरगी गुणाची हाय." हो म्हणला न्हाई, नको बी म्हणला न्हाई.

इथपर्यंत सांगितलं अन् सुजाताचा पेन थांबला. तिनं मान वर केली न्हाई. खाली बघूनच इचारलं, "काका, हेबी लिहू?"

"हेच लिही."

"तुमच्या घरचे काय म्हणतील? गाव काय म्हणंल?"

"लिही म्हणलं ना."

तिनं पदरानं चष्मा पुसला अन् लिहिलं.

आमच्या गावात पेपर येतो तो चहाच्या हॉटेलात. सकाळी दाराजवळच्या बाकड्यावर बसून दगडू मला तो वाचून दाखवायचा. माझ्या मनाला लागंल असं काही आलं की तेवढं गाळून पुढं जायचा. मला कळायचं, पण मी कधी बोललो न्हाई. आता हे छापून येईल त्या दिवशी मी त्याच बाकड्यावर जाऊन बसणार हाय. जो कोणी पेपर उचलंल त्याला म्हणणार हाय, मोठ्यानं वाच. काही गाळू नको.