तिकिटामागचा खंड्या

शाळेत शैला आणि मी एकाच बाकावर बसायचो. नेचर स्टडीच्या वहीत ती आधी माझा पोपट काढायची, मग स्वतःचा... माझा मुद्दाम जरा बिघडवून, म्हणजे सिस्टरना संशय यायला नको.

नाशिकचं ते कॉन्व्हेंट सुटलं, लग्नं झाली आणि पुढे दोघीही दुबईत येऊन पोचलो. गेली अकरा वर्षं ती माझ्यापासून दोन सिग्नलवर राहते. आता दहा दिवसांनी नाही राहणार. अभिजितचं, म्हणजे तिच्या मुलाचं, बांधकामाचं प्रोजेक्ट मार्केटच्या क्रॅशनंतर बंद पडलं ते पडलंच... सगळे पुण्याला परत चाललेत.

जाण्याआधी शैला, तिची नात इरा आणि मी तीन रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. दुबईहून उत्तरेला, मुसंदमच्या डोंगरांना वळसा घालून खोर फक्कान. तिथे उतरून बसने कल्बा, खारफुटीतले पक्षी बघायला.

माझा एक छुपा हेतू होता. शैलाला पार्किन्सन्स आहे, आणि दोन वर्षांत तिने पेन्सिल हातात धरलेली नाही. इथून जाण्याआधी तिने एकदा तरी काहीतरी काढावं असं मला फार वाटत होतं... म्हणून बॅगेत एक नवं स्केचबुक टाकलं होतं.

ते तिला केबिनमध्ये सापडलं. "मला पेशंटसारखं वागवू नकोस," एवढंच म्हणाली. स्केचबुक बोटीवरच राहिलं.

कल्ब्याला वल्ह्यांच्या छोट्या होड्या होत्या. आमचे गाईड राजन, केरळचे, पन्नाशीचे. सगळ्यांची तिकिटं गोळा करून त्यांनी रबरबँड लावून खिशात ठेवली. या खाडीत एका जातीचा खंड्या राहतो, अख्ख्या देशात फक्त इथेच, आणि फार थोडे उरलेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांनाही तीन आठवड्यांत एकदाही दिसला नव्हता. "दिखेगा तो दिखेगा, इन्शाल्ला."

पाऊण तास झाला. बगळे दिसले, चिखलात खेकडे दिसले, एका कासवाने डोकं वर काढलं आणि आम्ही पसंत न पडल्यासारखं परत आत घेतलं.

आणि मग झाडांमधून काहीतरी निळं गेलं. एका फांदीवर क्षणभर टेकलं आणि नाहीसं झालं. मी ताबडतोब नीलकंठ म्हणून जाहीर केलं, सवयीने हातही जोडले... दसऱ्याला दिसावा म्हणून किती वर्षं वाट बघितलेली. बाकीचे सगळे एका बाजूला झुकल्यामुळे होडी डोलली आणि कॅमेऱ्यांत नुसती पानं आली.

राजन तेव्हा होडी वळवत होते, त्यांची पाठ होती. चोच कशी होती, गळ्याला पांढरं होतं का, असं ते एकेकाला विचारू लागले. कुणालाच सांगता येईना. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"नीलकंठ कसला? डोळे तपासून घे," शैला मला म्हणाली. मग राजनकडे हात पुढे करून, "पेन है?"

पेन होतं, कागद नव्हता. त्यांनी गठ्ठ्यातलं एक तिकीट काढून उलटं करून दिलं.

तिचा हात मांडीवर नेहमीसारखा थरथरत होता. मी दुसरीकडे बघायला लागले... मला ते बघायचं नव्हतं. पुन्हा वळून पाहिलं तर पेन कागदावर टेकलं होतं आणि थरथर कमी झाली होती. असं का होतं ते डॉक्टरांना माहीत.

पोस्टाच्या तिकिटाएवढा पक्षी. जाड चोच, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, गळ्याभोवती कोरी सोडलेली पांढरी पट्टी. या आजारात तिचं अक्षर बारीक होत गेलंय, तसंच चित्रही झालं होतं.

"आजी, इट्स सो टायनी," इरा म्हणाली.

"लांब होता ना तो," शैला म्हणाली.

राजननी तिकीट डोळ्यांजवळ नेलं. "मॅडम, यही है." मग अगदी हळू, "ये मैं पक्षियों के रजिस्टर में लगा लूँ?"

"पहले चोंच ठीक करने दो," शैला म्हणाली.

उतरताना त्यांनी रबरबँड काढून तिकिटांचा अख्खा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. "पीछे से सब कोरे हैं."

परतीच्या बसमध्ये ती काढत होती. वाटेत तारेवर खरोखरचा नीलकंठ बसलेला दिसला. तो काढून माझ्या हातात दिला, "हा नीलकंठ. पाठ कर." दुसऱ्या दिवशी डेकवरही काढत होती. गोळीची वेळ पाळून, हात दुखला की थांबून, बिघडलेली फाडून टाकून. दोन वर्षं आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत होतो... त्या होडीत कुणालातरी तिच्या डोळ्यांची गरज पडली होती.

आता तिकिटं माझ्याकडे आहेत आणि तिने कुणाला काय ते लिहून दिलंय. तेव्हा मंडळी, शुक्रवारी माझ्याकडे तिच्या निरोपाच्या जेवणाला या आणि आपापलं घेऊन जा.

अनघाला बगळा, कारण आपल्या मैत्रिणींत कुठल्याही कामाला एका पायावर उभी राहणारी तीच. शारजाच्या कुंदाताईंना कासव. नुसतं डोकं आहे, बाकीचं पाण्याखाली, तक्रार चालणार नाही. इराला खेकडा, दोन्ही नांग्या नीट आल्यात. अभिजितला बंदरातला सीगल, बंद क्रेनवर निवांत बसलेला... तसं बसायला शिक म्हणावं. ज्या बगळ्याची मान हललीय, तो तिच्या डॉक्टरांना. खंड्या मात्र कुणी मागू नये, तो कल्ब्यालाच राहिला.

आणि फ्रेम कुणी करायची नाही. पाकिटात ठेवायचं, असं बजावलंय तिने.